सुई चालेल, पॅकेज नको

प्रश्न : मी डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र चालवते. वय ४६. दिवसाला अडीचशे-तीनशे पोळ्या होतात, त्यातल्या निम्म्या तरी मीच लाटते. दिवाळीपासून उजवा खांदा आणि मान यांच्या मधला भाग कायम आखडलेला असतो. दुपारनंतर दुखणं कानामागून कपाळापर्यंत चढतं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, 'वयोमानाप्रमाणे थोडी झीज आहे' म्हणाले आणि गोळ्या दिल्या. गोळ्या असतात तोवर बरं वाटतं. मुलाच्या फुटबॉलच्या मित्राला ड्राय नीडलिंगने (दुखऱ्या स्नायूत औषधाविना बारीक सुई घालण्याच्या उपचाराने) फरक पडला म्हणून जवळच्या एका क्लिनिकमध्ये चौकशी केली. त्यांनी न तपासताच दहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं, नऊ हजार, आगाऊ भरले तर हजार कमी. नवरा म्हणतो, सुया टोचून दुखणं जात असतं तर शिंपी कधी आजारीच पडले नसते. शेजारच्या काकू म्हणतात, हे ॲक्युपंक्चरच, नाव बदललंय. मला थायरॉईडची गोळी चालू आहे, शुगर बॉर्डरवर आहे. सुईची भीती वाटते ती वेगळीच. करून घेऊ का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, मागच्या वर्षी त्यांना स्टेंट बसवलाय. त्यांनाही सोबत नेलं तर चालेल का? (नाव छापू नये.)

ताई, सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून करते, कारण घाई तिथे आहे. सासूबाईंना सोबत नेऊ नका. स्टेंट बसवल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या चालू असतात, सुरुवातीचे काही महिने बहुतेकांना दोन प्रकारच्या. या गोळ्यांवर असलेल्या माणसाला बारीक सुईनेही मोठा काळानिळा डाग पडू शकतो, खोल स्नायूत रक्त साचू शकतं. अशा रुग्णांना नीडलिंग अगदीच वर्ज्य आहे असं नाही, पण ते त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं. आणि 'सुया करायच्या आहेत, दोन दिवस गोळी बंद ठेवा' असं क्लिनिकमध्ये कुणी सांगितलं, तर तिथून उठून या. स्टेंट बंद पडण्याचा धोका पत्करून कुणी गुडघ्याचा इलाज करत नाही.

तसंही गुडघ्यातली झीज सुईने भरून येत नाही. मांडीच्या स्नायूंतला ताण थोडा उतरतो, काही आठवडे चालताना बरं वाटतं, एवढंच. त्यांच्या गुडघ्यांना मांडीचे स्नायू बळकट करण्याचा जास्त उपयोग होईल: जरा उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, जमेल तितक्या वेळा, दिवसातून दोनदा. हृदयाच्या डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली असेल तर हेही चालेल का, तेवढं पुढच्या तपासणीच्या वेळी विचारून घ्या.

आता तुमचा खांदा. त्या क्लिनिकचे नऊ हजार मला तितकेसे खटकले नाहीत. न तपासता दहा हा आकडा आला कुठून, हे खटकलं. मान-खांद्याचं दुखणं पाच-सहा ठिकाणांहून येऊ शकतं आणि सुईचा नीट उपयोग त्यातल्या एकाच ठिकाणी होतो.

घरीच एक करून बघा. आरशासमोर उभ्या राहा, दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि कोपरं न हलवता पंजे बाहेरच्या बाजूला उघडा. उजवा हात डाव्यापेक्षा बराच आधी अडतो का? यजमानांनी हलकेच धरून उघडायचा प्रयत्न केला तरी अडतो का? पाठीमागे हुक लावायला हात पोचत नाही का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर ते फ्रोझन शोल्डर असू शकतं. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना ते जास्त होतं, आणि मधुमेह किंवा थायरॉईड असेल तर अधिकच. तुम्हाला थायरॉईड आहे आणि शुगर दारात उभी आहे, म्हणून हे आधी लिहिलं. त्यात सांध्याभोवतीचं आवरण आखडलेलं असतं. ते स्नायूत सुई घालून सुटत नाही, त्याचे उपचार वेगळे.

दुखणं हातात उतरून बोटांना मुंग्या येत असतील, लाटणं हातातून निसटत असेल, तर मानेतल्या नसेची तपासणी हवी. पाठीवर उजव्या खांद्याच्या पात्यापाशी कळ येते आणि ती तेलकट जेवणानंतर उठते, असं असेल तर पित्ताशयात खडे आहेत का, हे सोनोग्राफीत कळेल. खांद्यावर इलाज करून करून थकलेल्या बायकांना शेवटी पित्ताशयाचे खडे निघालेले मी पाहिलेत. जिना चढताना दुखतं आणि बसलं की थांबतं, सोबत छातीत भरून येतं किंवा दम लागतो, तर त्याच दिवशी ईसीजी. ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यांपैकी काही असेल तर सुईवाल्याकडे जायचंच नाही, डॉक्टरांकडे जायचं. आणि थायरॉईडची गोळी चालू आहे म्हणता, पण टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) शेवटचं कधी तपासलंत? डोस कमी पडत असेल तर अंग दुखतं, स्नायू जड होतात, आणि माणूस खांद्यालाच दोष देत बसतो.

यातलं काही नसेल, तर तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला पुरेसं बोलकं वाटलं. दुखणं कानामागून कपाळापर्यंत चढतं, असं तुम्ही लिहिलंय. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला जो स्नायू आहे, ट्रॅपिझियस, त्याच्या वरच्या कडेला ताठर पट्टे तयार होतात. त्यातला एखादा बिंदू दाबला की कळ तिथे न थांबता मानेच्या बाजूने वर, कानशिलाकडे जाते. आम्ही त्याला ट्रिगर पॉइंट म्हणतो, पेशंट 'गाठ' म्हणतात. जॅनेट ट्रॅव्हेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी कोणत्या स्नायूतली कळ कुठे जाते याचे नकाशेच तयार केले. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर उपचार करून पुढे व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या त्या याच. त्या अशा बिंदूंत भुलीच्या औषधाचं इंजेक्शन देत. मग १९७९ मध्ये प्रागच्या कारेल लेविट यांनी २४१ रुग्णांवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि म्हटलं की औषध नसलं तरी चालतं, नेमक्या जागी सुई गेली की दुखणं कमी होतं. आज ज्याला ड्राय नीडलिंग म्हणतात ते बरंचसं तिथून आलं.

इथे एक कबूल करायला हवं. हे ट्रिगर पॉइंट एक्स-रेत दिसत नाहीत, एमआरआयच्या रिपोर्टमध्येही येत नाहीत. एकाच खांद्यावर दोन अनुभवी फिजिओथेरपिस्टनी बोट ठेवलं तर दोघांचा बिंदू एकच असेल याची खात्री नाही. सुईने नक्की काय होतं यावरही एकमत नाही: स्नायू झटका देऊन सैलावतो, तिथला रक्तप्रवाह वाढतो, मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या संदेशांत फरक पडतो, आणि 'आता बरं वाटणार' या अपेक्षेचाही त्यात वाटा असतो. मी स्वतः नीडलिंग करते, तेव्हा माझं मत त्या हिशेबाने वाचा. माझं मत असं की तुमच्यासारख्या दुखण्यात काही दिवस ते काही आठवडे बऱ्यापैकी आराम मिळतो. रुग्णांवर केलेल्या चाचण्यांतही साधारण हेच दिसतं. काहीच न करण्यापेक्षा सुई बरी. पण चांगल्या व्यायामाशी तुलना केली की तिचं पारडं फारसं जड राहत नाही, आणि सहा महिन्यांनी सुई घेतलेला आणि न घेतलेला यांच्यात फरक दाखवणं अवघड जातं. त्यामुळे यजमानांचा शिंप्यांचा विनोद मला आवडला, पण ते अर्धेच बरोबर आहेत.

काकूंनाही अर्धे मार्क. सुई तीच असते, बारीक, भरीव, एकदाच वापरायची. पण ॲक्युपंक्चरमध्ये ती शरीरातल्या ऊर्जेच्या वाहिन्यांचा विचार करून ठरावीक बिंदूंवर लावतात, आमच्याकडे दुखणाऱ्या स्नायूचा पट्टा चाचपून त्यात घालतात. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, त्यांची नोंदणी वेगळी. आयुर्वेदातले वैद्य सुई टोचून करतात ते विद्धकर्म आणखी निराळं. कुणी कशाला काय नाव दिलंय यापेक्षा समोरच्या माणसाने काय शिकून हातात सुई घेतलीय ते विचारा. फिजिओथेरपीची पदवी चार-पाच वर्षांची असते, नीडलिंग मात्र पुष्कळदा त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेत शिकतात. कार्यशाळा वाईट नसतात, पण काल शिकून आज तुमच्या खांद्यावर हात बसवायचा, हे नको. पदवी कुठली, राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक काय, किती वर्षं नीडलिंग करता, हे तिन्ही प्रश्न सरळ विचारायचे. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

तुमची जागा नाजूक आहे म्हणून एवढं बजावतेय. फुफ्फुसाचं टोक गळ्याच्या हाडाच्याही थोडं वर आलेलं असतं, आणि तुमचा दुखरा स्नायू बरोबर त्याच्यावर पसरलेला. सुई चुकीच्या दिशेने खोल गेली तर फुफ्फुसाला छिद्र पडून भोवती हवा साठते. हे फार क्वचित होतं, पण होतं. म्हणून जाणकार माणूस तुम्हाला पालथं किंवा कुशीवर झोपवतो, बसवून सुया घालत नाही (बसलेल्या माणसाला चक्कर आली तर तो सुईसकट कोसळतो). स्पिरिटने जागा पुसतो. मग अंगठा आणि बोटं यांच्या चिमटीत तो स्नायू उचलून धरतो, छातीपासून लांब, आणि सुई चिमटीतल्या आपल्याच बोटाच्या दिशेने नेतो. प्लास्टिकच्या बारीक नळीतून टिचकी मारली की सुई कातडीतून आत गेलेली पुष्कळांना कळतही नाही. रक्त तपासायला काढतात त्या सुईच्या निम्म्याहूनही ती बारीक असते. कळतं ते पुढे, पट्ट्याला टोक लागल्यावर. स्नायू पापणी फडफडावी तसा आपोआप उडतो, आणि त्याच क्षणी तुमची ती ओळखीची कळ कानशिलापर्यंत चमकून जाते. पहिल्यांदा पेशंट दचकतात आणि मग म्हणतात, 'हीच, हीच.' दहा-पंधरा सेकंदांचा मामला असतो. भीती वाटते हे आधीच सांगा. पहिल्या वेळी एकच सुई करायची, आणि तुम्ही 'थांबा' म्हटलं की थांबायचं, असं ठरवून घ्या. काही खाऊन जा, उपाशीपोटी चक्कर लवकर येते.

रील्समध्ये सुयांना चिमटे लावून करंट देतात, खांदा टिकटिक नाचतो. तो प्रकार खरा आहे, उपयोगही होतो, पण पहिल्याच दिवशी त्याची गरज नाही. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी तर त्या वाटेलाच जाऊ नये.

सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. वापरलेली सुई पांढऱ्या, टोचून फुटणार नाही अशा डब्यात गेली पाहिजे, २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत तसं स्पष्ट आहे. ती साध्या कचऱ्याच्या टोपलीत पडताना दिसली तर समजा बाकीच्या गोष्टीही तशाच असतील. सुई घेतल्यानंतर एक-दोन दिवस खांदा ठणकतो, व्यायामशाळेत पहिल्यांदा जाऊन आल्यावर दुखतं तितपत. बारीकसा निळा डाग पडतो. हे चालतं. पण त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, कोरडा खोकला सुरू झाला, तर क्लिनिकला फोन करत बसू नका. थेट रुग्णालयात जा, छातीचा एक्स-रे काढायला सांगा आणि खांद्यात सुया घातल्यात हे तिथे आवर्जून सांगा.

आता पैशाचं. दहा सिटिंग आगाऊ घेऊ नका. दोन-तीन सिटिंगमध्ये कळतं. पहिल्यानंतर दोन दिवसांनी मान वळवणं सोपं झालं, डोकेदुखी उशिरा सुरू झाली किंवा त्या दिवशी झालीच नाही, तर पुढची घ्या. तिसऱ्यानंतरही काहीच फरक नसेल तर चौथ्याने पडणार नाही, तेव्हा निदान चुकलंय असं समजून परत तपासायचं. त्या क्लिनिकला सांगा की आधी पूर्ण तपासणी करा, सुई घालाल त्या दिवशीचे पैसे त्या दिवशी देईन. नाही म्हणाले तर डोंबिवलीत फिजिओथेरपिस्टांची काही कमतरता नाही.

पण ताई, खरं काम तुमच्या ओट्यावर आहे. सुईने जो काही आठवड्यांचा आराम मिळतो, त्यात ओटा आणि खांदा दोन्ही बदलले नाहीत तर गाठ परत त्याच जागी येते. पोळ्या लाटताना तुम्ही कशा उभ्या राहता ते मुलाला बाजूने व्हिडिओत टिपायला सांगा. माझा अंदाज असा की तुमचे खांदे कानाकडे उचललेले दिसतील. ओटा आधीच उंच, त्यावर पोळपाट ठेवल्यावर तो आणखी दोन-तीन इंच वर येतो. दाब देऊन करायचं काम कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावं लागतं, म्हणजे अंगाचं वजन लाटण्यावर जातं. तसं नसलं की सगळा जोर खांद्याने लावावा लागतो, दिवसभर. ओटा फोडायला नको. पायाखाली एक रुंद, न हलणारा पाट घ्या, किंवा लाटायला वेगळं ठेंगणं टेबल करा. मदतनीस तुमच्यापेक्षा उंच असेल तर तिने लाटायचं, तुम्ही भाजायचं, आणि तासाभराने अदलाबदल. भाजताना हात लांब करून शेगडीच्या पलीकडचा डबा उचलावा लागत असेल तर तोही अलीकडे आणा. कणकेचं घमेलं एका हाताने उचलायचं नाही.

पोळ्या लाटून खांद्याचा व्यायाम होतोच, असं मला बरेच जण सांगतात. होत नाही. तो एकाच वजनावर, एकाच कोनात, न थांबता दिलेला ताण असतो. स्नायूला ताकद यायची तर थोडं जास्त वजन, थोड्या वेळा आणि मग विश्रांती. डेन्मार्कमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी मी सगळ्यांना सांगते, कारण ती आळशी माणसालाही पटते. मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ जणांना तीन गटांत विभागलं. एकाने रोज दोन मिनिटं रबरी ट्यूबचा व्यायाम केला, दुसऱ्याने रोज बारा मिनिटं, तिसऱ्याला फक्त माहिती दिली. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं, आणि दोन मिनिटंवाले बारा मिनिटंवाल्यांच्या फारसे मागे नव्हते. ती माणसं ऑफिसात काम करणारी होती, पोळ्या लाटणारी नव्हती, हे खरं. पण स्नायू तोच आहे.

ट्यूब खेळाच्या दुकानात मिळते. तिच्या मधोमध दोन्ही पाय द्या, टोकं हातात घ्या आणि कोपरं किंचित वाकवून दोन्ही हात बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत वर न्या, सावकाश खाली आणा. दोन मिनिटं, किंवा हात दमेपर्यंत. सोपं वाटायला लागलं की जाड ट्यूब घ्या. पहिला आठवडा स्नायू थोडे दुखतील, त्याला घाबरू नका. हात वर नेताना सांध्यातच टोचल्यासारखं होत असेल तर मात्र थांबा आणि दाखवून घ्या. सकाळी कणीक भिजवायच्या आधी हे उरकलंत तर होईल, नंतर ठेवलंत तर राहून जाईल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

गोळ्यांचंही एक. वेदनाशामक गोळ्या दिवाळीपासून अधूनमधून चालू असतील तर डॉक्टरांना तसं सांगा. पोट आणि मूत्रपिंडं दोन्हींवर त्यांचा भार पडतो, आणि तुमची शुगर सीमेवर असताना मूत्रपिंडांना जपायला हवं. एकदा क्रिएटिनिन तपासून घ्या, टीएसएच आणि शुगरसोबतच होऊन जाईल.

सुई घ्यायची ठरलीच, तर केंद्राला सुट्टी असते त्याच्या आदल्या संध्याकाळची वेळ घ्या. दुसऱ्या दिवशी खांदा ठणकत असताना हात हलता ठेवायचा असतो, गरम पाण्याने शेकलं तरी चालतं, पण लाटणं हातात घ्यायचं नाही. मोठी ऑर्डर तोंडावर असेल तर सिटिंग सरळ पुढच्या आठवड्यावर ढकला.